हिट आलं, तेव्हा अर्धा बँड गेला होता

एक साधा प्रश्न. कॉलेजच्या ग्रुपने मिळून तुम्ही कधी काही सुरू केलं होतं? बँड, एकांकिकेची टीम, टी-शर्टचा बिझनेस, शॉर्टफिल्म, काहीही. मग ते जरा 'सीरियस' व्हायला लागलं, पैसे दिसायला लागले, तेव्हा ग्रुपमधून पहिला कोण बाहेर गेला? आणि तो गेला तेव्हा तुम्ही काय करत होतात?

माझं उत्तर पुढे देते. खरं तर द्यायचं नव्हतंच, पण एका बँडने घोळ केला.

झालं असं, की मागच्या महिन्यात रात्री पावणेदोन वाजता मी एका क्लायंटच्या फिल्मची स्क्रिप्ट पाचव्यांदा बदलत बसले होते. (फ्रीलान्स म्हणजे आपणच आपले बॉस, असं ज्याने सांगितलं तो मला एकदा भेटायचाय.) कानात हेडफोन, गाणी अ‍ॅपच्या मर्जीवर. आणि अचानक एक बेसलाइन सुरू झाली. रबराचा चेंडू जिन्यावरून उड्या मारत खाली यावा, तशी. त्यावर एक खोल आवाज, किंचित डळमळणारा, 'आपलं काही खरं नाही बुवा' अशा सुरात गाणारा. मोबाइल उचलून बघितलं. ऑरेंज ज्यूस, 'रिप इट अप', १९८३.

ऑरेंज ज्यूस! म्हणजे संत्र्याचा रस! हे बँडचं नाव आहे की उडप्याच्या मेन्यूकार्डावरची ओळ?

स्क्रिप्ट राहिली बाजूला. मी बँड शोधायला बसले. दोन फोटो सापडले. एक १९८० सालचा, एक 'रिप इट अप'च्या वेळचा. दोन्हीत चार पोरं, दोन्हीत तोच उंच, कपाळावर केस आलेला गायक. पण जरा निरखून बघितलं तर चारातले दोन चेहरे बदललेले. हिट गाण्याच्या फोटोत असलेले दोघं सुरुवातीला नव्हतेच, आणि सुरुवातीचे दोघं हिटच्या वेळी गायब.

अरे, ते दोघं गेले कुठे?

फ्लॅशबॅक.

सत्तरच्या दशकाचा शेवट, स्कॉटलंडमधलं ग्लासगो. क्लाइड नदीच्या काठावर जहाजं बांधणारं, रांगडं, कष्टकरी शहर. एकेक गोदी बंद पडत होती, बेकारी वाढत होती. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या आणि पुढची काही वर्षं अशा शहरांना फारच जड गेली. पंक नुकतंच येऊन गेलेलं. रागावलेली पोरं, फाटके कपडे, किंचाळणारे गिटार. बँडची नावंसुद्धा अंगावर येणारी.

आणि त्यात ग्लासगोच्या कडेला बेअर्सडेन नावाच्या उपनगरातली ही पोरं. एडविन कॉलिन्स, जेम्स कर्क, स्टीव्हन डॅली, आणि नंतर येऊन मिळालेला डेव्हिड मॅक्लिमाँट. बँड १९७६ मध्येच सुरू झाला होता, 'न्यू-सॉनिक्स' या नावाने. हे नाव गिटारच्या एका स्वस्त मॉडेलचं. १९७९ मध्ये त्यांनी ते बदलून ऑरेंज ज्यूस केलं. सगळे दारू, रक्त आणि बॉम्बच्या गोष्टी करत असताना यांनी नाश्त्याच्या टेबलावरचा ग्लास उचलला!

एडविन तेव्हा ग्लासगोच्या उद्यान विभागात चित्रं काढायची नोकरी करत होता. पक्षी, प्राणी, झाडं. स्टेजवर जाताना कधी जुन्या बाजारातलं जॅकेट, कधी शेपटीवाली फरची टोपी. आणि गाणी कसली? तर प्रेमात तोंडावर पडण्याची. समोर मारामारीच्या मूडमध्ये आलेलं पब्लिक, आणि हा हसत हसत सांगतोय की मला ती नाही म्हणाली. शिट्ट्या, टोमणे, शिव्या, सगळं झालं. पण विचार करा ना. जिथे पुरुषाने कडक असणं हाच नियम, तिथे स्टेजवर लाजणं हीच खरी बंडखोरी. पंकवाले ज्याला बंड म्हणत होते त्यापेक्षा हे जास्त धाडसाचं होतं, असं माझं मत.

म्युझिकचा फंडा तर त्याहून भन्नाट. साठच्या दशकातल्या 'द बर्ड्स' या अमेरिकन बँडसारखी किणकिणणारी गिटार, आणि खाली 'शीक'सारखा डिस्कोचा ठेका. पंकवाल्यांना डिस्कोचं नावही नको असायचं. यांनी दोन्ही एकाच भांड्यात घातलं. गंमत म्हणजे तसं वाजवायला लागणारी सफाई त्यांच्या हातात तेव्हा नव्हती. शीकसारखं वाजवायला जायचे आणि वाजायचं काहीतरी तिसरंच. ते तिसरंच काहीतरी म्हणजे ऑरेंज ज्यूस.

आता यात एन्ट्री अ‍ॅलन हॉर्नची. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो बघा, ज्याला वाजवता काही येत नाही पण ज्याला खात्री असते की आपण जग जिंकणार. तोंडाने तिखट, डोक्याने सुपरफास्ट. त्याने पोस्टकार्ड रेकॉर्ड्स नावाची कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, तर वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरचा त्याचा १८५ नंबरच्या इमारतीतला फ्लॅट. कंपनीचं ऑफिस कपाटातल्या मोज्यांच्या खणात होतं, असं सांगतात. लोगो काय, तर ढोल वाजवणारं मांजर. आणि घोषवाक्य: 'द साउंड ऑफ यंग स्कॉटलंड'. डेट्रॉइटची जगप्रसिद्ध मोटाउन कंपनी स्वतःला 'द साउंड ऑफ यंग अमेरिका' म्हणवून घ्यायची, त्याची ही सरळसरळ नक्कल. खण मोज्यांचा, पण टक्कर मोटाउनशी! आजच्या भाषेत याला 'व्हिजन' म्हणतात. तेव्हा बहुतेक आगाऊपणा म्हणत असावेत.

फेब्रुवारी १९८० मध्ये पोस्टकार्डची पहिली रेकॉर्ड आली, ऑरेंज ज्यूसची 'फॉलिंग अँड लाफिंग'. पैसे आपापसात गोळा केलेले, प्रती हजाराच्या आसपास. रेकॉर्डची कव्हरं स्वतःच्या हातांनी घडी घालायची, गठ्ठे गाडीत टाकायचे आणि लंडन गाठून दुकानांच्या मागे लागायचं. पाठोपाठ 'ब्लू बॉय', 'सिम्पली थ्रिल्ड हनी', आणि १९८१ मध्ये 'पुअर ओल्ड सोल'. लंडनच्या संगीत साप्ताहिकांचे पत्रकार ग्लासगोची वाट धरायला लागले. पोस्टकार्डकडे एडिंबराचा 'जोसेफ के' आला, थेट ऑस्ट्रेलियातून 'द गो-बिटवीन्स'ची एक रेकॉर्ड आली, आणि ईस्ट किलब्राइड गावचा रॉडी फ्रेम नावाचा एक कोवळा मुलगा 'अ‍ॅझ्टेक कॅमेरा' घेऊन आला. रॉडी फ्रेम हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कट टू १९८१.

मोज्यांच्या खणात सिंगल रेकॉर्ड मावते, अल्बम नाही. अल्बमला स्टुडिओ लागतो, स्टुडिओला पैसा. अल्बमची एक आवृत्ती या पोरांनी पोस्टकार्डसाठी रेकॉर्ड केलीही होती. 'ऑस्ट्रिच चर्चयार्ड' या नावाने ती बाहेर पडली तब्बल १९९२ मध्ये. पण १९८१ मध्ये बँड गेला पॉलिडोर या बड्या कंपनीकडे. पोस्टकार्ड त्याच वर्षी थंडावलं. सगळा खेळ जेमतेम दोन वर्षांचा.

पॉलिडोरसाठी केलेला पहिला अल्बम, 'यू कान्ट हाइड युअर लव्ह फॉरएव्हर', फेब्रुवारी १९८२ मध्ये आला. त्यात ब्रास आहे, मागे गाणाऱ्या बायका आहेत, सगळं कसं इस्त्री केलेलं. चार्टवर २१व्या नंबरपर्यंत गेला, म्हणजे वाईट नाहीच. पण आधी 'ऑस्ट्रिच चर्चयार्ड' आणि मग हा अल्बम, असे लागोपाठ ऐका. पहिल्यात चार मित्र एकमेकांना सांभाळत वाजवताहेत. दुसऱ्यात चौघंजण परीक्षा देताहेत.

आणि इथे तो क्षण येतो. जो आपल्याही ग्रुपमध्ये येतो.

फ्लॅटमध्ये वाजवताना कुणाचा ठेका सुटला तर सगळे हसतात. मोठ्या कंपनीच्या स्टुडिओत ठेका सुटला की घड्याळाकडे बघितलं जातं. तोच मित्र, तीच चूक. पण आता तिची किंमत तासाच्या भाड्यात मोजली जाते. जोसेफ के फुटला होता, त्यातला गिटारिस्ट माल्कम रॉस इकडे आला. सफाईने वाजवणारा. आणि त्याच वर्षी, १९८२ मध्ये, जेम्स कर्क आणि स्टीव्हन डॅली बँडपासून वेगळे झाले. डॅलीच्या जागी ड्रम्सवर आला झीक मन्यिका, मूळचा झिम्बाब्वेचा. जबरदस्त वादक. पुढच्या अल्बममध्ये त्याने स्वतःची गाणी आणली, आफ्रिकन ठेका आणला. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

पण जेम्स कर्क हा काही भरतीचा गिटारिस्ट नव्हता. पहिल्या अल्बममधली 'फेलिसिटी' आणि 'वॅन लाइट' ही गाणी त्याची. थोडी तिरकी, थोडी हळवी. एडविन बोलका, कर्क त्याच्या शेजारी उभा राहून वेगळंच काही बघणारा. अशा माणसाच्या जागी दुसरा गिटारिस्ट मिळतो, त्याची नजर मिळत नाही.

आणि मग काय झालं? हिट झालं! 'रिप इट अप' १९८३ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर आठव्या नंबरला पोचलं. टॉप टेन. मोज्यांच्या खणातून निघालेल्या पोरांचं एकमेव टॉप टेन गाणं. आणि ज्या रबरी बेसलाइनने मला रात्री पावणेदोनला उठवून बसवलं, ती निघते रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ नावाच्या छोट्या मशीनमधून. या मशीनची गंमत सांगते. ते बनवलं होतं एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारिस्टसाठी. सोबतीला बेस वाजवणारा मित्र नसेल तर हे डबडं वाजव, अशी आयडिया. मशीन बाजारात आपटलं, १९८४ मध्ये बंद झालं, आणि पुढे डान्स म्युझिकवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. पण पॉप चार्टवर त्याची ओळख सुरुवातीला करून दिली ती या गाण्याने. म्हणजे दोन मित्र गेल्यावर आलेल्या हिटमध्ये सगळ्यात लक्षात राहणारा आवाज कुणाचा, तर मित्र नसलेल्यांसाठी बनवलेल्या यंत्राचा. असं मी सिनेमात लिहिलं असतं तर डायरेक्टर म्हणाला असता, जरा जास्त होतंय.

पुढची उतरण भराभर. १९८४ मध्ये 'टेक्सस फीव्हर' नावाचा छोटा अल्बम आला, त्यानंतर रॉस आणि मॅक्लिमाँटही गेले. उरले एडविन आणि झीक. दोघांनी मिळून 'दि ऑरेंज ज्यूस' नावाचा शेवटचा अल्बम केला. बँडचं नाव अल्बमला कधी द्यायचं? पहिल्या अल्बमला देतात सगळे. यांनी शेवटच्याला दिलं, जेव्हा बँड असा राहिलाच नव्हता. जानेवारी १९८५ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत, संपावर असलेल्या खाणकामगारांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ऑरेंज ज्यूस शेवटचं वाजलं. पहिल्या रेकॉर्डपासून पुरती पाच वर्षंही नाही.

बरं. आता माझं उत्तर.

मासकॉम संपल्यावर आम्ही चौघांनी मिळून व्हिडिओ करायचं काम सुरू केलं होतं. एकीच्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये. दोघं कॅमेऱ्यावर, मी लिहायला आणि एक एडिटर. त्याचं नाव लिहीत नाही, तो हे वाचतो. दोन वर्षं लग्नं, बारशी, एका बेकरीची जाहिरात. एडिट करताना तो कधीकधी असा काही शॉट ठेवायचा, की बेकरीवाल्या काकांच्या पिठाने माखलेल्या हातांवर कॅमेरा उगीचच थांबायचा. पण ते बघून काका रडले होते.

मग एक मोठी कंपनी क्लायंट म्हणून आली. पैसे आधीच्या पाचपट. दोन मीटिंगनंतर त्यांचा माणूस म्हणाला, 'सगळं छान आहे, फक्त एडिटिंग जरा रॉ वाटतं. कुणी प्रोफेशनल बघता का?' बास. एवढंच वाक्य. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला काढलं नाही. आम्ही फक्त पुढच्या मीटिंगची वेळ त्याला कळवली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी तेव्हा काय करत होते? चहात बिस्किट बुडवत होते आणि 'बघू या' म्हणत होते.

फिल्म चकाचक झाली. कंपनी खूश झाली. सहा महिन्यांत आमचा ग्रुपही फुटला, कारण एकाला वगळता येतं हे एकदा सिद्ध झालं की प्रत्येकजण मनातल्या मनात हिशोब करायला लागतो. पुढचा नंबर कुणाचा? मला वाटतं बँड फुटण्याचं कारण भांडण नसतं. भांडणाऱ्यांचे बँड वीस वीस वर्षं चालतात. बँड फुटतो तो त्या दिवशी, जेव्हा 'आपण' या शब्दाची व्याख्या पहिल्यांदा बदलते. बाकीचं नंतर रीतसर होतं.

म्हणून मला ते दोघं गेले कुठे हे शोधायचंच होतं. कर्क आणि डॅलीने 'मेम्फिस' नावाने मिळून एक सिंगल केली, पुढे वाटा वेगळ्या झाल्या. स्टीव्हन डॅली अमेरिकेत पत्रकार झाला, 'व्हॅनिटी फेअर'साठी लिहायला लागला. 'रॉक स्नॉब्ज डिक्शनरी' या खट्याळ पुस्तकाचा तो सहलेखक. (म्हणजे ड्रम्स सोडून लेखणी. अशाने पोट भरतं हे वाचून मला फार बरं वाटलं.) मॅक्लिमाँट ऑस्ट्रेलियात गेला. जेम्स कर्क लोकांच्या पायांवर उपचार करणारा तज्ज्ञ झाला, आणि २००३ मध्ये त्याने स्वतःचा एक अल्बमही काढला. म्हणजे सगळे जगले, बरे जगले.

एडविनला आणखी एक हिट मिळालं, आणि ते तुम्ही नक्की ऐकलंय. 'अ गर्ल लाइक यू', १९९५ मध्ये जगभर वाजलेलं. 'चार्लीज एंजल्स'च्या दुसऱ्या सिनेमातही ते आहे. आणि मग फेब्रुवारी २००५ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला दोनदा ब्रेन हॅमरेज झालं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. गाण्यांत शब्दांशी खेळणाऱ्या या माणसाकडे सुरुवातीला मोजकेच शब्द उरले होते. हो, नाही, बायकोचं नाव ग्रेस मॅक्सवेल, आणि 'शक्यता अनंत आहेत' अशा अर्थाचं एक वाक्य. त्या वाक्यावरूनच २०१४ च्या माहितीपटाचं नाव पडलं, 'द पॉसिबिलिटीज आर एंडलेस'. ग्रेसने त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, आणि त्याला नाव दिलं पोस्टकार्डच्या त्या पहिल्या रेकॉर्डचं.

एडविन पुन्हा बोलायला शिकला. डाव्या हाताने पक्षी काढायला लागला. पुन्हा गायला उभा राहिला, तेव्हा शेजारी गिटार घेऊन कोण होतं? रॉडी फ्रेम. पोस्टकार्डवाला तो कोवळा मुलगा, आता चाळिशीतला. २०१० च्या 'लूझिंग स्लीप' अल्बममध्ये तो आहे, जॉनी मार आहे, 'फ्रांझ फर्डिनांड'मधली ग्लासगोची पुढच्या पिढीची पोरंही आहेत. उजवा हात चालत नसल्यामुळे एडविनला एकट्याने गिटार वाजवता येत नाही. त्याने डाव्या हाताने कॉर्ड धरायची आणि तारा दुसऱ्या कुणीतरी छेडायच्या. एका गिटारला दोन माणसं. २०२५ मध्ये त्याने निरोपाचा दौराही केला.

हे सगळं वाचून झालं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. स्क्रिप्ट तशीच. मी आमच्या एडिटरला मेसेज टाकला. लांबलचक. ऑरेंज ज्यूस, मोज्यांचा खण, बेकरीवाले काका, सॉरी, सगळं त्यात कोंबलं.

सकाळी साडेदहाला उत्तर आलं: 'माझे सात हजार राहिलेत तुमच्याकडे. ते आधी दे.'

खरंच राहिले होते. बेकरीचेच. मी तिथल्या तिथे ट्रान्सफर केले. पाच मिनिटं काही नाही. मग पुन्हा मेसेज: 'बरं, गाणं कुठलं म्हणालीस? लिंक पाठव.'

मी 'रिप इट अप'ची पाठवणार होते. मग थांबले, आणि 'फेलिसिटी'ची पाठवली.